आबांनी लावलेलं उसाचं लग्न

आबांकडे नुसतं बघून हा माणूस कधी शिरूर तालुक्याबाहेर गेला असेल असं कुणाला वाटलं नसतं. रापलेला चेहरा, डोक्याला गुंडाळलेला टॉवेल, पायात जाडजूड वहाणा. पण नजर कमरेखाली गेली की घोटाळा व्हायचा. तिथे धोतर नाही, पायजमा नाही, तर तपकिरी नक्षीचं एक कापड घोट्यापर्यंत गुंडाळलेलं असायचं. ते पहिल्यांदा आमच्या शाळेत आले तेव्हा मी त्यांना दारातच अडवलं होतं. नोकरीत नवी होते आणि नियम पाठ होते.

"बाबा, लुंगी नेसून शाळेत येऊ नका."

"लुंगी न्हाई बाई, सारोंग हाय," ते म्हणाले. "तिथं ह्ये नेसून माणूस लग्नाला जातो, मशिदीत जातो. तुमच्या शाळंत चालंना व्हय?"

"तिथं म्हणजे कुठं?"

"जावाला," ते म्हणाले. आपण दौंडला म्हणतो ना, तितक्या सहज.

मांडवगण फराट्याच्या अलीकडे मोठा रस्ता सोडून उसात शिरलं की आमची वस्ती लागायची आणि वस्तीवरची शाळा. दोन खोल्या, दोन शिक्षक, सत्तावीस मुलं. मी तळेगाव ढमढेऱ्याला भाड्याने राहायचे आणि रोज स्कूटीवरून धूळ खात यायचे. त्या वर्षी शनिवारी मुलांना दप्तर नको, काहीतरी आनंदाचं द्या, असा आदेश निघाला होता. आदेश काढणाऱ्यांचं बरं असतं, आनंद कुठून आणायचा ते कागदावर लिहीत नाहीत. दोन शनिवार मी कागदाच्या होड्या करून घेतल्या. तिसऱ्या शनिवारी मुलं म्हणाली, "बाई, आज बी होड्याच का?" त्याच आठवड्यात आबा सारोंग नेसून दारात उभे राहिले आणि म्हणाले, "शनवार मला द्या."

मी एक शनिवार दिला. पुढची तीन वर्षं त्यांनी तो परत केला नाही.

आबांचे वडील मेंढरं राखायचे, दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचे. आबा मात्र साखर कारखान्यात हेल्पर म्हणून चिकटले आणि चढत चढत पॅनमन झाले. पॅनमन म्हणजे उसाचा रस आटवून त्यात साखरेचा दाणा धरवणारा माणूस. यंत्रं कितीही असली तरी दाणा धरला की नाही हे काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन, उजेडाला धरून डोळ्यांनीच ओळखावं लागतं. इंडोनेशियात, जावा बेटावरच्या एका कारखान्याला असे डोळे हवे होते. आबा गेले ते अकरा वर्षं राहिले. दोन वर्षांतून एकदा महिनाभर घरी यायचे, परत जायचे. इतक्या लांब जायची भीती नाही वाटली का, असं मी एकदा विचारलं.

"आमचा बा मेंढरं घिऊन कोकणात जायचा," ते म्हणाले. "म्या जरा म्होरं गेलो, येवढंच."

साखर सुटली तरी दाणा त्यांच्या तोंडातून सुटला नव्हता. एखाद्या पोराला गणित जमलं की "धरला बघा दाणा!" असं ते ओरडायचे. कुणी फुशारकी मारली की "खोटा दाणा हाय, धुतला की इरघळतोय" असं बजावायचे. आणि मी मुलांवर आवाज चढवला की पोरांच्या देखत मला सांगायचे, "बाई, आच कमी करा. घाईनं दाणा फसतो." मला भयंकर राग यायचा. राग यायचा कारण ते बरोबर असायचे.

त्यांनी शाळेत काय काय आणलं! पुठ्ठ्याच्या बाहुल्या कापून, वर्ग अंधारा करून, पांढऱ्या धोतरामागे दिवा लावून त्यांनी रामायण दाखवलं. "तिथं ह्यो खेळ मुसलमान माणूस करतो, आन् रामाचं नाव घितल्याबिगार पडदा लावत न्हाई," हे ऐकून आमची पोरं आ वासून बसली होती. रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या एका बापाकडून त्यांनी भंगारातले लोखंडी पाइप आणवले, करवतीने लहानमोठे कापले, दोरीला टांगले आणि त्यावर ठोकून तिथल्यासारखं वाजवायला शिकवलं. पाच पाइप, तीन परातीएवढ्या थाळ्या आणि एक तांब्याची घागर. पहिल्या दिवशी तो आवाज ऐकून शेजारच्या गोठ्यातली म्हैस दावं तोडून गेली. महिन्याभराने तीच म्हैस निवांत रवंथ करत ऐकायची, म्हणजे पोरांना यायला लागलं होतं हे नक्की.

आणि सतरा ऑगस्ट! पंधराला आपला झेंडा, सतराला त्यांचा स्वातंत्र्यदिन. "दोन दिसाचं तर अंतर हाय, आदल्या पताका तशाच राहू द्या," असं म्हणून आबांनी मला गुंडाळलं. त्या दिवशी तिथे गल्लोगल्ली एक शर्यत लावतात. दोरीला तळलेले पापड टांगायचे, हात मागे बांधायचे आणि उड्या मारत तोंडाने खायचे. आबांनी पापडांऐवजी कुरडया टांगल्या. सत्तावीस पोरं, सत्तावीस कुरडया आणि दोरीची दोन टोकं धरून ती मुद्दाम हलवणारे आबा. कुरडई नाकात गेली, केसात अडकली, दोघींच्या कपाळांची टक्कर झाली. नेमके तेव्हाच केंद्रप्रमुख साहेब गाडीतून उतरले. पोरांनी तोंडातल्या कुरडईसकट एका सुरात "स्लामत पागी!" असं जावाचं सुप्रभात घातलं. साहेबांनी आधी दोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग त्यांनी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं, हात मागे घेतले आणि दोरीखाली उभे राहिले. मला इतकं हसू आलं की शेवटी मी भिंतीला टेकून बसले.

कापडावरचं काम मात्र शाळेत करता येत नसे, कारण त्याला शेगडी लागायची. ते आबांच्या अंगणात चाले. पांढरं मांजरपाट ताणून धरायचं, वितळलेल्या मेणाने त्यावर रेघा ओढायच्या आणि मग रंगात बुडवायचं. मेण लागलं तिथे रंग चढत नाही, नक्षी पांढरी राहते. जावाला त्याला बातिक म्हणतात. मेण ओतायची बारीक चोचीची लेखणी आबांनी बिघडलेल्या फ्रिजच्या तांब्याच्या नळीतून घडवली होती. मेण तयार झालं की नाही हे ते दोन बोटांत तार ओढून बघायचे, पाक बघावा तसं. आणि रेघेच्या बाबतीत असा कडक माणूस मी पाहिला नाही. "तिथं असं न्हाई" हे वाक्य दहा मिनिटांत आठ वेळा. पण एकदा एका मुलीच्या हातून भलत्याच जागी मेणाचा मोठा थेंब पडला आणि ती रडायला लागली, तेव्हा आबा म्हणाले, "तिदा आपा आपा! म्हंजी काय बिघडलं न्हाई. थेंब पडला तर त्याचं पान करायचं." आणि तिच्याच हाताने त्यांनी त्याचं पान करून घेतलं.

याच अंगणात मला एक गोष्ट खटकायला लागली. शनिवारी मुलं फाटकातून आत आली की आबांच्या बायको निवडायचं ताट उचलून शेजारच्या ओट्यावर जाऊन बसायच्या. मी त्यांना मावशी म्हणायचे. एरवी प्रेमळ बाई, माझ्या डब्यात न विचारता ठेचा घालणारी. पण जावाचा ज निघाला की त्यांचं तोंड मिटायचं. मुलं जाईपर्यंत त्या परत यायच्या नाहीत. आबा एकदा ओट्याकडे बघत मला म्हणाले, "अकरा वर्सं येकटी ऱ्हायली, त्येचा राग हाय. असायचाच." त्यांना खरंच तेवढंच वाटत होतं.

खरं कारण मला शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताईंनी सांगितलं. आबा तिकडे असताना त्यांच्याच कारखान्यात दौंडकडचा एक फिटर होता. तो सुट्टीवर आला आणि तळेगावच्या बाजारात चारचौघांत म्हणाला, "आबाचं लगीन लावलं आमी तिथं. वाजतगाजत! म्या सोता नाचलो, जिऊन आलो." बाजारातून ती गोष्ट नदीपलीकडे मावशींच्या माहेरी गेली आणि तिथून मावशींच्या कानावर. फिटर पुढे नोकरी धरून गुजरातेत गेला तो गेलाच.

"मावशींनी आबांना विचारलं नाही?" मी म्हणाले.

"काय इचारायचं, बाई?" ताई म्हणाल्या. "व्हय म्हणला तर कुठं जायचं? त्यापरीस न इचारल्यालं बरं. सात वर्सं झाली आबास्नी यिऊन, ती भाकरतुकडा देती, पर मनातनं उठलाय मानूस. म्हायेरच्यांनी तर दारच लावलंय त्येला."

मी त्यानंतर किती तरी वेळा आबांना विचारायचं ठरवलं. विचारलं नाही. खरं सांगायचं तर मलाही भीती वाटत होती, की ते हो म्हणतील. मग माझे शनिवार, ती घागर, त्या कुरडया, सगळ्याला काहीतरी चिकटलं असतं. मी ताईंनाही तोंड बंद ठेवायला सांगितलं.

तिसऱ्या वर्षी दसरा झाल्यावर आबा शाळेत आले तेच हातवारे करत. "बाई, ह्या टायमाला लगीन लावायचं!"

"कुणाचं?"

"उसाचं!"

मग त्यांनी सांगितलं. जावाला गाळप सुरू व्हायच्या आधी उसाचं लग्न लावतात. दोन ऊस निवडायचे, एकाला नवरदेव करायचं, एकीला नवरी. कापडं नेसवायची, माणसांची नावं द्यायची, वाजतगाजत वरात काढायची आणि शेवटी हंगामातली पहिली जोडी म्हणून दोघांना गिरणीत घालायचं. आपल्याकडे पहिली मोळी टाकतात, तसंच. मला ही कल्पना इतकी आवडली की मी खडू टाकून उठले. दरवर्षी तुळशीच्या लग्नात जो बिचारा नुसता मांडव म्हणून उभा असतो, त्याचं एकदा तरी स्वतःचं लग्न लागू दे की! तुळशीचं लग्न लागल्यावरचा पहिला शनिवार आम्ही धरला. मुलांनी अंतरपाटासाठी बातिकचं कापड काढायला घेतलं. आबांनी मोर काढायला सांगितले होते, पोरांनी मोरांच्या मधे चार ट्रॅक्टर काढले. "तिथं ट्रॅक्टर न्हाई," आबा म्हणाले. "आपल्यात हाय," पोरं म्हणाली. ट्रॅक्टर राहिले.

ऊस द्यायला शाळेमागच्या फडाचे मालक आप्पा तयार होते. जुने सरपंच, शाळा समितीत मानाचे. मुलांनी त्यांच्या फडातून दोन सरळ ऊस हेरून ठेवले. आणि आबांच्या अंगणात तयारी बघायला म्हणून आलेल्या आप्पांनी विचारलं, "नवरा-नवरी कुठनं आनली?"

"तुमच्याच फडातनं, आप्पा," आबा म्हणाले.

"दोनी?"

"दोनी."

"मंग भैनभाव झाली की रं!" आप्पा ताडकन उठले. "येका भावकीत लगीन? माझ्या शेतात न्हाई चालायचं."

"आप्पा, ऊस आहे तो," मी म्हणाले.

"ऊस असला म्हणून काय झालं, बाई? तुमी हळद लावणार, अक्षदा टाकणार. लगीन म्हंजी लगीन. उद्या लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

आता आबा भडकणार असं मला वाटलं. पण त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अरारा! आप्पा, म्या कसा इसरलो! तिथं बी नवरी दुसऱ्या गावच्या फडातनंच आणत्यात. येका फडातली चालतच न्हाई!" त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी आप्पांना मिठी मारली. आप्पा अवघडून उभे होते. तिथलं आणि इथलं एका जागी जुळलं होतं, आणि आप्पांचा चेहरा सांगत होता की गाव ज्याला थापाड्या म्हणायचं त्या माणसावर पहिल्यांदाच त्यांचा विश्वास बसतोय.

आता नवरी कुठून आणायची? पोरांनी गावोगावच्या मामांची, आत्यांची शेतं सुचवली. वडगाव रासाईची आणा, न्हावऱ्याची आणा. तेवढ्यात बातिकमध्ये थेंबाचं पान करणारी ती मुलगी उठली, सरळ शेजारच्या ओट्यावर गेली आणि मावशींना म्हणाली, "आजी, तुमच्या म्हायेरची नवरी द्या ना. नदीपल्याडचा ऊस लई ग्वाड असतो."

आबा खाली बघून मेण ढवळत राहिले. मावशींनी ताटातला एक खडा काढून बाजूला टाकला.

"नवरी पायजे, तर रीतीनं मागनी घालायला या म्हणावं," त्या म्हणाल्या. आबांकडे न बघता.

दुसऱ्या रविवारी आम्ही भीमेचा पूल ओलांडून दौंड तालुक्यात गेलो. मी, आप्पा, आबा आणि ट्रॉलीत मावली तेवढी पोरं. मावशींच्या भावाचं शेताच्या कडेला स्वतःचं गुऱ्हाळ होतं. भाऊ दारात उभे होते. सगळ्यांना पाणी दिलं, मला बसायला खुर्ची दिली. आबांना कुणी बसा म्हटलं नाही. ते दाराबाहेर, चपला काढायच्या जागी उभे राहिले.

"पोरगी द्यायची म्हंजी घर बघून द्यावी लागती," भाऊ माझ्याकडे बघत म्हणाले. "आमी येक डाव चुकलो."

आबांचं तोंड पडलेलं मी पाहिलं. तरी मी गप्प बसले, याची मला आजही लाज वाटते. वाचवलं ते पोरांनी. त्यांना कुठलं असलं काही कळायला! त्यांनी नवरदेवाची भरभरून स्तुती सुरू केली. नवरदेव दोनशेपासष्ट जातीचा आहे, तेरा कांड्यांचा आहे, सरळ आहे, कीड नाही, लोळलेला नाही. भाऊंना हसू आवरेना. "बरं, देतो," ते म्हणाले. "माझ्याकडं शहाऐंशी-शून्य-बत्तीस हाय, त्याच्यावानी गोडी न्हाई. पर लगीन आमच्या दारात व्हईल. आन् पोरीच्या बाजूनं माझी भैन उभी ऱ्हाईल."

आणि तो शनिवार उजाडला! काय सांगू! नवरदेव उसाला फेटा, नवरी उसाला हिरवा खण. आठ ट्रॉल्या. पाइप, थाळ्या, घागर. ज्या बायकांनी तीन वर्षं "आबांचं येड" म्हणून नाकं मुरडली होती, त्याच नटूनथटून ट्रॉलीत चढल्या होत्या. वरात पुलावर आली तेव्हा खाली भीमा भरून वाहत होती आणि वर आमची गामेलान वाजत होती. हो, त्या वाजवण्याला तिथे गामेलान म्हणतात, आणि आमच्या ट्रॉलीतल्या पाच वर्षांच्या पोरालाही तो शब्द येत होता. आबा पुढे नाचत होते. मीही नाचले. नियम पाठ असलेली बाई भर पुलावर पदर खोचून नाचली.

पलीकडे गुऱ्हाळाच्या दारात मावशी उभ्या होत्या. हिरवी नऊवारी, कपाळभर कुंकू, नवरी ऊस दोन्ही हातांत. आबा आणि मावशी समोरासमोर उभे राहिले, नवराबायको असून एक मुलाकडून, एक मुलीकडून. ट्रॅक्टरवाला अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टकं मी म्हटली, शेवटची दोन मला येत नव्हती तर पहिलीच पुन्हा म्हटली. अक्षता पडल्या. ऊस उसाला टेकला आणि पोरांनी असा कल्ला केला की गुऱ्हाळावरची कबुतरं उडाली.

मग जे व्हायचं ते झालं. मुलीकडच्या बायका पुढे आल्या. "नावं काय ह्यांची? नाव नसल्याल्या पोराला पोरगी दिली व्हय आमी?"

नावं ठेवायची राहूनच गेली होती. पोरांची महिनाभर भांडणं चालली होती आणि निकाल लागलाच नव्हता. पोरं आबांकडे वळली. "आबा, तिथं काय नावं ठेवत्यात?"

"कुणाबी भल्या मानसाची," आबा नाचून नाचून धापा टाकत होते, घामाने भिजले होते, भयंकर खुशीत होते. "त्या कारखान्यात माझं शेवटचं वरीस व्हतं, त्या टायमाला नवरदेवाला माझंच नाव दिल्यालं! सगळा कारखाना नाचला. आपल्या दौंडचा फिटर तर मोकार नाचला. आबाचं लगीन, आबाचं लगीन करून गाव डोक्यावर घेतलं त्येनं. आन् मंग त्यो ऊस गिरणीत गेला, आन् त्येचा दाणा म्याच धरवला!"

ते हसत होते. एकटेच हसत होते. खिचडीच्या ताईंनी तोंडाला पदर लावला. मावशींचे भाऊ दाराची चौकट धरून उभे राहिले. मी मावशींकडे बघितलं. त्या हलल्या नाहीत. तिथूनच त्यांनी सात वर्षांत जे विचारलं नव्हतं ते चारचौघांत विचारलं.

"आन् नवरीचं नाव?"

आबांचं हसू थांबलं. अकरा वर्षं परदेशात काढलेला, केंद्रप्रमुखांना कुरडईखाली उभा करणारा तो माणूस कानापर्यंत लाल झाला. खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं. "आता त्ये काय इचारायचं झालं? त्यांनी मला इचारलं, नवरीचं काय ठिवायचं. म्हणलं..."

"काय म्हणला?"

"घ्या नाव, आबा!" बायका ओरडल्या.

आबांनी मावशींचं नाव घेतलं. उखाणा नाही, यमक नाही, नुसतं नाव, आणि तेही इतक्या हळू की मागच्यांना ऐकू गेलं नाही. तीन वर्षं मला मावशींचं नाव माहीत नव्हतं. ते मला त्या दिवशी कळलं.

मावशी खाली बसल्या. मातीतच बसल्या आणि रडल्या. आबा गोंधळून आमच्याकडे बघायला लागले, आपलं काय चुकलं ते त्यांना कळेना. भाऊ पुढे आले. आबांचा हात धरून त्यांना दारातून आत नेलं आणि खाटेवर बसवलं. आबांनी बसल्या बसल्या विचारलं, "अगं, पर झालं काय?"

"सात वर्सं," मावशी एवढंच म्हणाल्या. "सांगाया काय झालं व्हतं?"

"उसाच्या लग्नाचं काय सांगायचं? लोक आधीच थापाड्या म्हणत्यात."

मावशींनी डोळे पुसले, उठल्या आणि दोन्ही ऊस स्वतः उचलले. चरकापाशी उत्तर प्रदेशातला एक कामगार उभा होता. गुऱ्हाळावर दरवर्षी येणारा. त्याने नवरदेव ऊस घ्यायला हात पुढे केला. आमच्याकडच्या चरकात ऊस एकामागून एक सारायची पद्धत होती. आणि आबा, ज्यांनी तीन वर्षं एक रेघ इकडची तिकडे होऊ दिली नव्हती, ते आतून ओरडले, "आधी नवरदेव! तिथं आधी नवरदेव घालत्यात!"

"तिथं घालत असतील," मावशी म्हणाल्या. त्यांनी दोन्ही ऊस त्या कामगाराच्या हातात एकत्र दिले. "ह्यांना येकामागनं येक न्हाई घालायचं, बाबा. बरुबर घाल."

"दोनों साथ में, माताजी?"

"दोनी."

आबा खाटेवरून उठले आणि मावशींच्या शेजारी येऊन उभे राहिले. चरक सुरू झाला.